देवाची डबी

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. कधी चौथ्या, कधी सहाव्या, पण आमच्या तोंडी पाचवा दिवसच बसलाय. असल्या गावात जन्म काढलेल्या बाईला तुम्ही सांगणार, उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतून दे. कसं ओतवेल हो? तांदूळ धुतलेलं पाणी आम्ही कुंडीत घालतो, कपड्यांचं पाणी संडासाला ठेवतो. माझी आई अक्कलकोटकडची, घरात कन्नड बोलायची, आणि काहीही टाकताना दिसलं की पाठीत धपाटा घालायची. त्या धपाट्यांवर मी वाढले. पुढे एकतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डाची इनचार्ज म्हणून.

माझ्या हातून जे झालं त्याचं खापर मला पाण्यावर फोडायचं नाही, आणि मेलेल्या आईवर तर नाहीच. पण सुरुवात तिथून झाली म्हणून सांगते. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. माझंही नाही. त्याचं कारण शेवटी कळेल.

मॉर्फिनसारखी औषधं दोन कुलपांच्या कपाटात असतात. बोटाएवढी काचेची कुपी, तिला आम्ही अँप्यूल म्हणतो. डॉक्टरांनी अर्धीच द्यायला सांगितली, तर राहिलेली अर्धी दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांसमोर बेसिनमध्ये ओतायची आणि रजिस्टरवर दोघींनी सही करायची. नियम असा. भिंतीवर चिकटवलेला फार छान दिसतो. पण बाहेर बेचाळीस डिग्री, आत चाळीस पेशंट आणि तीन सिस्टर, अशात कोण कुणाचं ओतणं बघत उभं राहणार? सह्या आम्ही ड्यूटी संपताना एकदम करायचो, पान न वाचता. सगळ्या वॉर्डांत हेच चालायचं. आमच्याकडे नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर तिनं नाकानं कांदे सोलू नयेत.

मी तर ती अर्धी ओततच नव्हते. नवी सुई लावून ती पुढच्या पेशंटाला द्यायची, आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर नवी अँप्यूल फोडली असं लिहायचं. म्हणजे एक अख्खी अँप्यूल उरली. ती मी एका स्टीलच्या डबीत ठेवायचे. डबी एके काळी माझ्या डब्यातल्या शेंगाचटणीची होती. कपाटात सगळ्यात मागे, कापसाच्या गुंडाळ्यांच्या पाठीमागे तिची जागा होती.

ही चोरी नव्हती, हे आधी ऐकून घ्या. एका रविवारी दुपारी विड्या वळणारी एक बाई आमच्याकडे आणली. तेलुगू बोलायची, पोटात कॅन्सर पसरलेला. औषधाच्या फॉर्मवर मोठ्या डॉक्टरांची सही लागते, आणि मोठे डॉक्टर माळशिरसला कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. फोन लागेना. बाई चार तास ओरडत होती. मी तिच्या उशाशी उभी, कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला, आणि मी नियम मोडला नाही. सही आली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. त्या दिवशी मला घास गिळवला नाही. पुढच्याच आठवड्यात मी डबी सुरू केली.

वॉर्डातल्या मुली तिला देवाची डबी म्हणायच्या. कुणी कळवळत आलं आणि कागद अडले की डबी काढायची. डबीचा नियम एकच: लिहायचं नाही, मला सांगायचं. किती जणांना त्या डबीनं झोप दिली ते मोजलं नाही. मला तिचा अभिमान होता. खरं सांगू? थोडा अजून आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

कोरोनात हॉस्पिटलनं कंत्राटी मुली घेतल्या. लाट ओसरल्यावर बहुतेकींना घरी पाठवलं, एक तेवढी राहिली. ती जेऊरची. घरी शेती, आईबापाची एकुलती, तालुक्याच्या गावाला राहून नर्सिंग केलेलं. बोलणं अस्सल गावाकडचं, त्यावरून बाकीच्या मुली तिची चेष्टा करायच्या. पण हात असा, की ज्या पेशंटाची शीर तिघींना सापडायची नाही, तिला ती बोट फिरवून सापडायची. लहान लेकरं तिच्याच हातून सुई टोचून घ्यायची. एकदा मलाच सलाईन लावायची वेळ आली, तेव्हा मी इनचार्ज असून डोळे मिटून बसले होते. ती म्हणाली, "सिस्टर, झालं बी की. डोळं उघडा." मला कळलंसुद्धा नव्हतं. नर्सिंग तिच्या बोटांत होतं, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं, नको पण होतं.

एका सकाळी तिनं चांगल्या नव्वद किलोच्या पेशंटाला खाटेवर सरकवलं. एकटीनं. वॉर्डबॉय, आम्ही त्यांना मामा म्हणतो, तंबाखू चोळत खाली गेलेला. कमरेतून कट्टदिशी आवाज आला, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे रजेचा अर्ज दिला, आठ दिवसांचा. दोघी आधीच रजेवर होत्या. मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हटलं, "पट्टा बांध कमरेला. आम्ही काय वेगळ्या होतो? सगळी नोकरी कंबर धरूनच काढलीय."

तिनं पट्टा आणला, बांधला. तिसऱ्या दिवशी दुपारी औषधांची ट्रॉली धरून उभी होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. अजून सोळा पेशंटांची ड्रेसिंगं बाकी होती. मी तिला चादरींच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि डबीतली अर्धी अँप्यूल तिच्या दंडात टोचली.

"काय दिलं, सिस्टर?"

"गप. थांबेल दुखायचं."

दहा मिनिटांत पोरगी पळायला लागली. सोळाच्या सोळा ड्रेसिंगं तिनं केली, वर एका म्हाताऱ्याची नखंही कापून दिली. मला हायसं वाटलं. ड्यूटी निघाली ना! त्या क्षणी मला तिच्या कमरेची नाही, ड्यूटीचीच काळजी होती, हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

पुढचे दोन दिवस पुन्हा मीच दिली. त्यानंतरच्या दिवशी ती आली तेव्हा मी रिपोर्ट लिहीत होते. वरसुद्धा बघितलं नाही. किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुझी तूच बघ. मला वेळ नाही."

एवढंच वाक्य. या वाक्याचे मी आजवर हजार वेळा तुकडे केलेत.

त्यानंतरचे सात-आठ महिने ती माझी सगळ्यात चांगली सिस्टर होती. सुट्टीच्या दिवशीही यायची. कुणाची ड्यूटी रिकामी पडली की म्हणायची, "म्या करते की, सिस्टर, मला काय हाय घरी." कंबर दुखते म्हणणं बंद झालं. डबीचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं, ठेवणं तीच, काढणं तीच, मला सांगणंही हळूहळू कमी झालं. मी मेट्रनसमोर, म्हणजे आमच्या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या बाईंसमोर, तिचं कौतुक केलं, तेही बाकीच्या मुलींना बोलावून: "बघा, शिका जरा हिच्याकडून. रजेचं नाव काढत नाही." ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, लाजतेय.

एकतीस वर्षांची नोकरी, आणि मला दिसलं नाही. दिसलं नाही की बघायचं नव्हतं, देव जाणे.

मग एक म्हातारे पेशंट आले. गिरणीतून निवृत्त झालेले, साखरेनं पाय सडलेला, गुडघ्याखाली कापावा लागला. बायको सोबत, कन्नडच बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. म्हातारबा सोसणारे होते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "सिस्टर, सकाळची सुई लागू पडती. दुपारची पडत न्हाय."

मी म्हटलं, "आजोबा, औषध एकच आहे. सकाळचं काय आणि दुपारचं काय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडले. "पाय कापलाय म्हटल्यावर दुखणारच ना? जरा सहन करायला शिका. शेजारची बाई बघा, तोंडातून शब्द काढत नाही." म्हातारबांनी खाटेची कड धरली होती, बोटं पांढरी पडलेली. त्यांना तसं बोलले ती जीभ झडायला पाहिजे होती माझी.

मी वळले तर मागे म्हातारी नवऱ्याला हळूच म्हणाली, "बरे नीर अद." नुसतं पाणी आहे. तिला वाटलं असेल, या पांढऱ्या कपड्यातल्या बाईला आपलं कन्नड कुठलं कळायला. मला कळलं. माझ्या आईची भाषा. माझे पाय तिथंच थांबले.

मी सरळ कपाटाकडे गेले. कापूस बाजूला केला, डबी काढली. आत अँप्यूल नव्हती. एकही नाही. कापसाचा एक बोळा तेवढा होता, वाजू नये म्हणून घालत असू तो. डबी संपल्यावर जेऊरच्या पोरीची गरज संपली नव्हती, ती पेशंटाकडे वळली होती. दुपारची ड्यूटी तिची होती.

मी तिला त्याच चादरींच्या खोलीत बोलावलं. रिकामी डबी पुढे धरली. तिनं बाही वर केली, पाठमोरी होऊन सुयांच्या खुणांनी भरलेला दंड दाखवला. मी बघितलं आणि तिच्या थोबाडीत मारली. जोरात.

"पेशंटच्या तोंडचं काढून घेतलंस? कापलेल्या पायाच्या माणसाला पाणी टोचलंस? अगं, कुत्रंसुद्धा असं करत नाही!"

ती खाली बसली, चादरींच्या गठ्ठ्याला टेकून. म्हणाली, "न्हाय राहवत, सिस्टर. लई सोडून बघितलं. दोन दिस न्हाय घेतली तर हाडं कुणीतरी पिळतंय असं व्हतंय. त्या बाबांकडं बघवत न्हाय मला. तरी बी हात जातोय." मग, अगदी साध्या आवाजात, "पैली तुमीच दिली की."

आरोप करायचा म्हणून नाही म्हणाली. आज पाऊस पडला म्हणावं तसं म्हणाली. मला आणखी एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि उचललेला हात मी खाली घेतला.

त्या दुपारी म्हातारबांना मी स्वतः सुई दिली. ते झोपले. पण त्यांचा मुलगा आधीच ऑफिसात तक्रार देऊन आला होता. शनिवारी चौकशी ठरली.

शुक्रवारी मेट्रननी मला खोलीत बोलावून दार लावलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पोरीचा हात चांगला आहे. दुखण्यातून सवय लागली असेल, आणि तसं कुणी जबाबदार माणूस उद्या सांगत असेल, तर उपचाराला पाठवू. सहा महिने घरी बसेल, बरी होऊन येईल. नर्सिंग कौन्सिलला कडक काही लिहायला नको. पण तिचं एकटीचं कोण ऐकणार? आणि तसं नसेल, तर चोर ती चोरच. रजिस्ट्रेशन जाईल, जन्मात नर्स म्हणून उभी राहायची नाही."

मी हे जसंच्या तसं तिला सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. "सिस्टर, मला वाचवा म्हनत न्हाय. पाप केलंय ते केलंय. तुमी एवढंच सांगा, पैली सुई दुखण्याची हुती. तेवढंच."

"सांगते," मी म्हटलं. "सांगते की गं. रडू नकोस."

आणि मी सांगणार होते. शप्पथ. रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण पहिली सुई म्हटलं की कुणी दिली हे येणार, कुणी दिली म्हटलं की कुठून दिली हे येणार, आणि तिथं डबी बाहेर येणार. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. डबी बाहेर आली असती तर तिच्याआधी माझं रजिस्ट्रेशन गेलं असतं.

शनिवारी ऑफिसात तिघं बसले होते: हॉस्पिटलचे प्रशासन अधिकारी, एक डॉक्टर आणि मेट्रन. मला खुर्ची दिली. तिला दिली नाही. ती साध्या सलवार-कमीजमध्ये उभी होती, वर्दी घालायची नाही असं सांगितलेलं. अधिकाऱ्यांनी माझं रजिस्टर पानपान उलटलं आणि मान हलवली.

"सिस्टर, रजिस्टर तर चोख आहे. एका थेंबाचा फरक नाही. पेशंटचं औषध गेलं ते गेल्या आठ-दहा दिवसांतलं. हिच्या दंडावरच्या खुणा मात्र जुन्या आहेत, मग त्याआधी हिला मिळत कुठून होतं?"

ती माझ्याकडे बघत होती. टक लावून नाही, डोळ्यांत धमकी नाही. शिकाऊ मुली इनचार्जकडे बघतात ना, पुढं काय करू सिस्टर म्हणून, तशी.

मी म्हणाले, "मला माहीत नाही. माझं रजिस्टर कधी चुकलेलं नाही. पेशंटची सुई तिनं घेतली, हे मीच पकडलं."

माझा आवाज थरथरलासुद्धा नाही. एवढी वर्षं पेशंटच्या नातेवाईकांना "काळजी करू नका" म्हणत आले, त्याच आवाजात म्हणाले.

मेट्रननी एकदा माझ्याकडे बघितलं, मग तिला विचारलं, "पहिल्यांदा का घेतलीस? दुखत होतं का? कुणी सांगितलं होतं?" मी टेबलाच्या काचेकडे बघत होते. काचेखाली कुठल्याशा साखर कारखान्याचं कॅलेंडर होतं, गेल्या वर्षीचं. त्यातल्या सगळ्या सुट्ट्या मी वाचून काढल्या.

"न्हाय," तिचा आवाज आला. "कुणी न्हाय सांगितलं. माझी मीच घेतली."

ती बोलली असती तर? रजेचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्येच होता. वॉर्डातल्या प्रत्येक मुलीला डबी ठाऊक होती. पण एकीनंही तोंड उघडलं नाही, कारण मी उघडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी झाकलेलीच राहिली.

तिला त्याच दिवशी काढलं. कौन्सिलला पत्र गेलं, आणि काही महिन्यांनी रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचं कळलं. पोलीस मात्र बोलावले नाहीत. दया म्हणून नव्हे, हॉस्पिटलचं नाव पेपरात नको म्हणून. गेटवर वॉचमननं तिची पिशवी पालथी केली. मी वरच्या खिडकीतून बघत होते. कंगवा, जेवणाचा डबा, आणि कमरेचा पट्टा. पट्टा उचलून त्यानं उलटा-सुलटा करून बघितला, आत काही लपवलंय का म्हणून. तिनं तो घडी करून परत पिशवीत ठेवला आणि गेली. एकदाही वर बघितलं नाही.

म्हातारबा पंधरा दिवसांनी घरी गेले. जाताना बायकोनं माझ्या पायाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौदा महिन्यांनी माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फेटा, सगळं. अधिकारी भाषणात म्हणाले, "रजिस्टर कसं ठेवावं हे सिस्टरांकडून शिकावं. एवढ्या वर्षांत एका अँप्यूलची चूक नाही." टाळ्या वाजल्या. समोर बसलेल्या माझ्या मुलींमधल्या एकीनंही माझ्या नजरेला नजर दिली नाही. त्या दिवशी मी कपाटातून डबी काढून घरी आणली. फेकवली नाही, अर्थात. माळ्यावर पडून आहे, रिकामी.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. मी काही इतकी चांगली नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी मोरीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. मुलानं शहरातल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी सलाईन लावलेला हात सुजला. नवी सुई घालायला एक कोवळी सिस्टर आली. बिचारी दोनदा चुकली. माझ्या शिरा आता म्हातारीच्या, हाताखालून सटकतात. तिसऱ्यांदा ती बोट फिरवत होती, आणि मागून आवाज आला.

"ताई, अंगठ्याच्या बाजूनं बघा. मनगटाच्या जरा वर. तितं सरळ हाय."

सिस्टरनं तिथं घातली. पहिल्याच झटक्यात लागली. "मावशी, तुम्हाला बरं कळतं हो!"

"बघून बघून येतंय की."

आमच्याकडे आया बायकांना मावशी म्हणतात. निळ्या साडीतली ती मावशी हातात फरशी पुसायचा दांडा धरून उभी होती. वाळलेली, गालफडं बसलेली. तरीही मी आवाजावरूनच ओळखलं होतं. तिनं मला माझ्या केसपेपरवरून आधीच ओळखलं असणार.

सिस्टरनं मला दुखण्याची सुई दिली. अर्धीच लिहिलेली होती. उरलेली अर्धी तिनं ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, "राहू दे, दुपारी पलीकडच्या खोलीतल्या आजींना लागेलच."

मावशीचा दांडा थांबला. "ताई, ओता ते."

"अहो, चांगलं औषध आहे. वाया जातं."

"जाऊ द्या वाया. थांबा, म्या पलीकडल्या सिस्टरला बोलावते. त्यांच्यासमोर ओता, दोघी सह्या करा." आणि खरंच जाऊन घेऊन आली. बेसिनमध्ये नळ सुटल्याचा आवाज आला. ती दारात उभी राहून ओतणं संपेपर्यंत बघत होती. सह्या झाल्या. दोघी सिस्टर गेल्या.

मग खोलीत आम्ही दोघीच. ती माझ्या खाटेखाली पुसत होती. मला रडू फुटलं. "माझं चुकलं गं. लई चुकलं."

तिनं दांडा खाटेखाली आणखी आत सरकवला.

"कंबर कशी आहे?"

"हाय तशीच."

"आणि ते? सुटलं?"

"आयनं जेऊरला खोलीत कोंडलं. दाराला बाहेरनं कडी. भिंतीचा रंग खरवडून काढला म्या. सुटलं." तिनं फडकं पिळलं. "हितं दहावी पास हाय म्हनून सांगितलंय."

ज्या बोटांना शीर सापडायची ती बोटं पाण्यानं पांढरी, चिरलेली होती. मला राहवलं नाही. मी उठून बसायचा प्रयत्न केला, कळ डोक्यात गेली. "मी सांगते," मी म्हटलं. "इथल्या मेट्रनला सांगते. कौन्सिलला लिहून देते. पहिली सुई मी दिली, डबी माझी होती. आता मला कुणाची भीती आहे? काय काढून घेणार माझं?"

ती झटकन उभी राहिली. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच.

"सिस्टर, म्या नर्स हुते हे हितं कुणाला ठाव न्हाय. कळलं तर उद्याच काढतील. सुई चोरणारी बाई वॉर्डात कोण ठेवून घेतंय? त्यांना तुमची डबी दिसायची न्हाय, माझा दंड दिसंल."

"पण मी खरं सांगितलं तर..."

"तवा गप बसला की," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. "आता बी बसा."

कोवळी सिस्टर टेम्परेचरचा चार्ट विसरली होती, तो घ्यायला आत आली. माझे डोळे, तिचा चेहरा, काहीतरी तिला दिसलं असावं. हसून म्हणाली, "काय आजी, ओळखता का आमच्या मावशींना?"

"नाही," मी म्हटलं.

मावशीनं बादली उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खाटेखाली पुसायला लागली.